क्यूआर कोड लावला, पण हिशेबाचं काय? रायगडाच्या पायथ्याच्या छोट्या व्यावसायिकांनी कोणतं सॉफ्टवेअर निवडावं

महाड : रायगड रोपवेच्या पायथ्याला असलेल्या हिरकणीवाडीत शनिवार-रविवार म्हणजे कमाईचे दिवस. घरगुती जेवण, मुक्कामाच्या खोल्या, ताक-सरबत, भाड्याची गाडी असे एकेका घरात दोन-तीन धंदे चालतात. पर्यटक आता सुटे पैसे काढत नाहीत, फोन काढतात. पैसे मोबाइलवर येऊ लागले, हिशेब मात्र अजून डोक्यात किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहे. अडचण इथेच आहे.

रोख पैशाचा माग राहत नाही, मोबाइलवरून आलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद बँकेत राहते. पण तो पैसा धंद्याचा की घरचा, हे बँकेला कळत नाही. ते सांगणारी नोंद धंदेवाल्याकडेच असायला हवी.

कर्नाटकात काय झालं?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआय व्यवहारांच्या आकड्यांवरून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. बेंगळुरूत अनेकांनी घाबरून दुकानातले क्यूआर कोड काढून टाकले. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी मागच्या वर्षांची वसुली होणार नाही असं पुढे सांगितलं, पण नोंदणी करावी लागेल हेही स्पष्ट केलं. खात्यात आलेली सगळीच रक्कम विक्रीची नाही, हे दाखवायला अनेकांकडे कागदच नव्हता.

महाराष्ट्रात मर्यादा अशी आहे : फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. जेवण वाढणं आणि खोली देणं या दोन्ही सेवाच धरल्या जातात. मोजायची ती उलाढाल, नफा नाही. एकाच पॅनवर खोल्या, जेवण आणि गाडी असेल, तर तिन्हींची बेरीज होते.

२० लाख म्हणजे महिन्याला सरासरी १ लाख ६६ हजार. समजा, एका घराच्या खात्यात वर्षभरात २३ लाख आले. त्यात मुंबईच्या मुलाने घर बांधायला पाठवलेले ३ लाख आणि जुनी गाडी विकून आलेले २ लाख. म्हणजे धंद्याचे १८ लाखच. पण बँकेच्या कागदावर दिसतात २३. रोखीत झालेली विक्री असेल तर तीही या १८ लाखांत मिळवावी लागेल. हा फरक सांगायला रोजची नोंद लागते.

आधी खातं, मग ॲप

पहिली पायरी फुकट आहे. धंद्यासाठी वेगळं बँक खातं काढायचं आणि दुकानातला क्यूआर त्याच खात्याला जोडायचा. घरचे पैसे, मुलाचे पैसे, भिशीचे पैसे दुसऱ्या खात्यात घ्यायचे. एवढं केलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. हे न करता कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं, तरी त्यात गोंधळच भरला जाणार.

कोणाला काय परवडेल?

खाताबुक, ओकेक्रेडिट ही ॲप मुळात उधारीची वही आहेत. किराणा दुकानदाराला कोणाकडे किती बाकी हे त्यात चटकन कळतं. पण जेवणावळीत उधारी थोडी आणि खर्च जास्त असतो. तांदूळ, कोंबडी, गॅस, मदतनिसांची मजुरी वजा जाता हातात काय उरलं, हा तिथला खरा प्रश्न.

व्यापार, मायबिलबुक यांसारख्या ॲपमध्ये बिल, खर्च, माल आणि जीएसटी एकत्र सांभाळता येतो. पूर्ण सोयी हव्या असतील तर दरवर्षी पैसे भरावे लागतात. टॅली बहुतेक करसल्लागारांना येतं, पण त्याला संगणक आणि शिकलेला माणूस लागतो. महाड-पोलादपूरच्या बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानाला ते शोभतं, चार खोल्यांच्या घराला जड जातं. झोहो बुक्स इंटरनेटवर चालतं, त्यामुळे डोंगराच्या कुशीत रेंज गेली की काम अडतं.

एकट्याने गाडी चालवणाऱ्याला, गाइडला किंवा फोटोग्राफरला जमा आणि खर्च अशा दोन रकान्यांची मोबाइलवरची साधी शीटही पुरते.

निवडताना चार प्रश्न

एक, रेंज नसताना नोंद होते का? दोन, सगळी माहिती एक्सेल किंवा पीडीएफमध्ये बाहेर काढता येते का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. क्विकबुक्स हे जगभर चालणारं सॉफ्टवेअर, पण २०२३ मध्ये कंपनीने ते भारतात बंद केलं आणि इथल्या ग्राहकांना आपला हिशेब दुसरीकडे हलवावा लागला. तीन, फोन हरवला किंवा भिजला तर प्रत कुठे राहते? २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं होतं. अशा पाण्यात कागदी वही टिकत नाही आणि फोनही टिकत नाही, म्हणून गूगल ड्राइव्हवर प्रत हवीच. चार, आपल्या करसल्लागाराला त्या ॲपची फाइल चालते का? पैसे भरण्याआधी त्याला विचारलेलं बरं.

एवढा खटाटोप कशाला?

छोट्या धंद्याला आयकरात एक सवलत आहे. रोखीच्या उलाढालीवर किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा मोबाइलवरून आलेल्या रकमेवर ६ टक्के उत्पन्न दाखवलं की सविस्तर वह्या ठेवायची सक्ती राहत नाही. त्यामुळे हिशेबाची गरजच काय, असं काहींना वाटतं. पण ही टक्केवारी लावायची तरी आधी उलाढाल किती हे माहीत हवं. शिवाय खोली वाढवायला मुद्रा कर्ज मागायला गेलं, की बँक धंद्याचे आकडे विचारतेच.

६ जूनच्या राज्याभिषेक सोहळ्याला पायथ्याशी पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत नवं ॲप शिकणं होत नाही. १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं. त्याआधी वेगळं खातं काढून, एखाद्या ॲपची फुकट आवृत्ती महिनाभर वापरून पाहिली, तर वर्षाचा हिशेब पहिल्या दिवसापासून जागेवर राहील. रोज रात्री गल्ला मोजताना पाच मिनिटं नोंद करणारा माणूस घरात कोण, हे मात्र ॲप घेण्याआधी ठरवावं लागेल.