कर्णनाद आणि ताणाचा हिशेब

दुकानाचे शटर खाली ओढले, गल्ल्याचा हिशेब लागला, घर निजले, की काही व्यापाऱ्यांच्या कानात बारीक शिट्टी सुरू होते. दिवसाच्या वर्दळीत ती जाणवत नाही. रात्रीच्या शांततेत मात्र झोप उडवते. वैद्यकशास्त्र या तक्रारीला ‘टिनिटस’, म्हणजेच कर्णनाद, म्हणते. तपासणीत पुष्कळदा गंभीर असे काही आढळत नाही. मग घरची मंडळी म्हणतात, "मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका." रुग्ण गप्प होतो, आवाज गप्प होत नाही.

हा आवाज खोटा नसतो. मनावर ताण असला, की लक्ष त्याच्यावरच खिळते. लक्ष खिळले, की ताण वाढतो. हे व्याजावर व्याज चढण्यासारखे आहे. ताणामुळे कपाळाचे, जबड्याचे व मानेचे स्नायू नकळत आवळले जातात. जबड्याचा सांधा कानालगतच असल्याने निरोगी कानही दुखू लागतो. कित्येकांना घशात गोळा अडकल्यासारखे वाटते.

येथे ‘बायोफीडबॅक’ ही पद्धती उपयोगी पडते. कपाळावर किंवा जबड्यावर लहान इलेक्ट्रोड चिकटवतात. स्नायूंतील अतिसूक्ष्म विद्युतक्रिया यंत्र टिपते आणि पडद्यावर रेषेच्या रूपाने दाखवते. स्नायू आवळला, की रेषा चढते. सैलावला, की उतरते. काही वेळा बोटांचे तापमानही मोजतात, कारण ताणाने बोटे गार पडतात. यंत्र शरीरात काहीही सोडत नाही, केवळ नोंद दाखवते. ती पाहत रुग्ण संथ श्वासाने जबडा सैल सोडण्यास शिकतो. पुढे तीच सवय यंत्रावाचून, गल्ल्यावर बसल्या बसल्याही साधते.

जर्मनीतील मारबुर्ग येथील संशोधकांनी १३० कर्णनादग्रस्तांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बायोफीडबॅकला मानसोपचाराची जोड देऊन तीन महिन्यांत १२ सत्रे घेतली गेली. रुग्णांचा त्रास स्पष्टपणे घटला आणि आवाजावर आपला काही ताबा आहे, ही भावना बळावली. आवाज समूळ नाहीसा करण्याचे आश्वासन ही पद्धती देत नाही. त्याची पकड मात्र ती सैल करू शकते.

तथापि क्रम चुकू नये. प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांची तपासणी आणि श्रवणचाचणी, मगच हा उपाय. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. नाडीच्या ठोक्यासारखा आवाज, केवळ एकाच कानातील नाद, तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला घोगरेपणा, गिळण्यास अडथळा किंवा वजनातील घट यांना ताणाच्या नावावर कधीही मांडू नये.

घरच्यांचेही एक कर्तव्य आहे. वडीलधाऱ्यांनी कानातील आवाजाची तक्रार केली, तर ती हसण्यावारी नेऊ नये. आपल्या त्रासावर कोणाचा तरी विश्वास आहे, एवढ्या जाणिवेनेही मनावरील ताण हलका होतो. आणि उपचाराची सुरुवात तेथूनच होते.