नवे गीत कोण लिहिणार?

गेल्या वर्षी उपकारस्तुतीच्या रविवारी आमच्या मंडळीत एक गाणे म्हणायचे राहून गेले. आमची आजी जात्यावर ज्या चालीत ओव्या म्हणायची, ती चाल माझ्या मावसभावाने घेतली आणि मी शब्द लिहिले. पावसाने ताण दिला, दुबार पेरणी झाली, तरी घरात चार पोती बाजरी आली, म्हणून देवाचे आभार, एवढाच त्याचा मतलब. तरुण संघाने आठवडाभर सराव केला. शनिवारी संध्याकाळी एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "हे 'उपासना संगीता'त आहे का?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग पुस्तकात आहे तेच म्हणा." विषय संपला.

मला त्यांचा राग नाही. आजीला अक्षरओळख नव्हती, पण त्या पुस्तकातली कितीतरी गीते तिला पाठ होती. तिचा धर्मग्रंथ तोच. असे धन कोणी सहजासहजी बाजूला सारू देणार नाही.

परंतु ही गीतेसुद्धा एके काळी नवीच होती ना? फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. ते त्यांनी ओवीत रचले, कारण इथल्या माणसाच्या कानाला ओवी ओळखीची होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-भजनांच्या वळणाची शेकडो गीते लिहिली. इंग्रजी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांवरच ते समाधान मानून राहिले असते, तर आज आपण काय गायलो असतो? टिळकांची गीते जपायची आणि टिळकांसारखे धाडस मात्र करू द्यायचे नाही, हा कसला आदर?

'पेटी आपली, गिटार परकी' असेही ऐकू येते. पेटीसुद्धा एकोणिसाव्या शतकात युरोपातूनच इकडे आली. वाद्य कोठून आले यापेक्षा त्यावर काय वाजते, हे महत्त्वाचे.

आम्हा तरुणांचेही चुकते. सिनेमाच्या चालीत प्रभूचे नाव कोंबले की गीत होत नाही. मोबाईलवर ऐकलेल्या इंग्रजी गाण्याचे ओढूनताणून केलेले मराठीही कानाला टोचते. माझ्याच गाण्यात दोन ओळी केवळ यमकासाठी होत्या. त्या कोणी खोडल्या असत्या, तर मी ऋणी राहिलो असतो. पण कोणी वाचलेच नाही.

म्हणून मला एवढेच सुचवावेसे वाटते. महिन्यातून एका रविवारी एक नवे गीत होऊ द्या. शब्द आधी पाळकसाहेबांनी तपासावेत, ताल-सूर एखाद्या जाणकाराने पाहावा. तीन वेळा गाऊनही लोकांनी सूर मिसळला नाही, तर ते खुशाल सोडून द्यावे. स्तोत्रसंहितेत परमेश्वराला नवे गीत गाण्यास एकदा नव्हे, अनेकदा सांगितले आहे. ते कोणी तरी आधी रचावे लागेल!

माझा मावसभाऊ आता बेंजो पार्टीत वाजवतो. लग्नसराईत त्याला रविवारी सवड नसते. तेथे त्याने नवी चाल काढली, तर ती पुस्तकात आहे का, असे कोणी विचारीत नाही.

— द्वितीय वर्ष, कला