हवा ‘समाधानकारक’, पण किती वर्षांसाठी?

पुण्यातील हवेचा निर्देशांक शंभरच्या आत असला, की हवा ‘समाधानकारक’ ठरते. हा शेरा त्या दिवसापुरता असतो. दम्याच्या रुग्णाला आज त्रास होईल का, याचा अंदाज त्यावरून येतो. कर्करोगाचा हिशेब मात्र वर्षांचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर 2013 मध्ये बाहेरील हवेचे प्रदूषण आणि त्यातील कण यांना कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूरही याच गटात आहे. म्हणून दोन्हींचा धोका सारखा आहे, असे मात्र नाही. पुरावा किती भक्कम आहे, एवढेच हा गट सांगतो. सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी अधिक असतो. पण सिगारेट सोडता येते, श्वास सोडता येत नाही.

हे कण नेमके काय करतात? लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील संशोधकांचा याविषयीचा अभ्यास 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. वय वाढते तसे फुप्फुसातील काही पेशींत घातक जनुकीय बदल होतात, पण त्या पेशी सहसा निपचित राहतात. पीएम 2.5 या अतिसूक्ष्म कणांमुळे दाह होतो आणि त्या वाढू लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही हा कर्करोग का होतो, याचा एक उलगडा त्यातून होतो.

पीएम 2.5 ची वार्षिक सरासरी घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. भारताची मर्यादा 40 आहे. पुण्याचा समावेश असलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम 10 वर मोजली जाते. रस्ते झाडून, पाणी मारून जाड धूळ बसते. डिझेलच्या आणि जाळलेल्या कचऱ्याच्या धुरातले अतिसूक्ष्म कण त्याने थांबत नाहीत.

हवा मोजणारी ‘सफर’ यंत्रणा उभारणारी आयआयटीएम पाषाणलाच आहे. तेव्हा रोजच्या शेऱ्याशेजारी त्या भागाची पीएम 2.5 ची वार्षिक सरासरीही ठळक दिसायला हवी. चौकात आठ तास उभ्या राहणाऱ्या वाहतूक पोलिसासाठी तोच आकडा महत्त्वाचा आहे.