विश्लेषण : ‘कमिट’ची एक ओळ इतकी महत्त्वाची का?

‘अपडेट’, ‘फिक्स’, ‘फायनल’, ‘आता नक्की फायनल’... सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या इतिहासात असे शेरे सर्रास सापडतात. ज्याने बदल केला त्याला त्या दिवशी ते पुरेसे वाटतात. सहा महिन्यांनी त्याच ओळीत बिघाड निघाला की मात्र या शेऱ्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. म्हणूनच कमिट हे कामाचे लेखी उत्तरदायित्व मानायला हवे, ‘सेव्ह’चे दुसरे बटण नव्हे.

‘गिट’ आले कुठून?

लिनक्स कर्नलचे काम जगभरातील प्रोग्रामर करतात. २००५ मध्ये ‘बिटकीपर’ या प्रणालीची त्यांना मिळणारी मोफत सोय बंद झाली. त्यामुळे लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतःच नवी प्रणाली लिहायला घेतली. तेच ‘गिट’. कोणी, कधी, कोणता बदल केला याची साखळी ते जपते. सातबारा जमिनीची आजची स्थिती दाखवतो, पण ती तशी कशी झाली हे फेरफार नोंदींवरून कळते. कमिट म्हणजे कोडचा फेरफार.

कमिट होते कसे?

टर्मिनलमध्ये काम दोन पायऱ्यांनी होते. ‘गिट ॲड’ने नोंदवायचे बदल निवडायचे आणि ‘गिट कमिट’ने ते इतिहासात उतरवायचे. मधल्या टप्प्याला ‘स्टेजिंग’ म्हणतात. ‘गिट पुश’ करेपर्यंत हे सारे आपल्याच संगणकावर राहते.

नवशिक्यांना ही दुहेरी पायरी कटकटीची वाटते. मग ‘गिट ॲड’पुढे टिंब देऊन फोल्डरमधील सगळेच एका दमात आत ढकलले जाते. धोका इथेच आहे. त्या ढिगाऱ्यात पासवर्ड किंवा एपीआय की असलेली फाइलही जाऊ शकते. पुढच्या कमिटमध्ये ती काढून टाकली तरी जुन्या कमिटमध्ये ती शाबूत असते. भांडार सार्वजनिक असेल तर ती कोणालाही वाचता येते. अशा वेळी फाइल पुसत बसण्याआधी ती की रद्द करून नवी घेणे हाच पहिला उपाय.

शेरा कोणासाठी?

‘-एम’ हा पर्याय दिला की संदेश त्याच ओळीत लिहिता येतो. घाईची सवय इथूनच लागते. हा पर्याय न देता ‘गिट कमिट’ चालवले तर एडिटर उघडतो आणि थांबून लिहायला जागा मिळते. संदेश रिकामा ठेवला तर गिट कमिट करायलाच नकार देते. निरर्थक संदेश मात्र त्याला अडवता येत नाही. ते काम माणसाचेच.

काय बदलले हे कोड स्वतः सांगतो. का बदलले, हे फक्त संदेश सांगू शकतो. ‘फिक्स’ऐवजी ‘३१ तारखेच्या हप्त्याची पुढची तारीख चुकत होती, आता महिन्याचा शेवटचा दिवस धरला’ असे लिहिले, तर पुढच्या माणसाचे तास वाचतात. संदेश मराठीत लिहिला तरी गिटची हरकत नसते. संघातील सर्वांना तो कळला म्हणजे झाले.

छोटे कमिट का?

बिघाड नेमका कोणत्या बदलाने आला हे शोधायला ‘गिट बायसेक्ट’ आहे. ते दर वेळी शोधाचा टापू निम्मा करते. हजार कमिटमधला दोषी साधारण दहा तपासण्यांत सापडतो. पण एकाच कमिटमध्ये चाळीस फाइल आणि पाच वेगवेगळी कामे कोंबली असतील, तर दोषी कमिट सापडूनही दोष सापडत नाही.

चूक सुधारता येते का?

येते. ‘गिट कमिट’ला ‘अमेंड’ हा पर्याय जोडला की शेवटचे कमिट दुरुस्त होते. मात्र प्रत्यक्षात जुन्याच्या जागी नवे कमिट तयार होते. कमिटची ओळख असलेला लांबलचक क्रमांक मजकूर, लेखक, वेळ, संदेश आणि आधीचे कमिट यांवरून निघतो. त्यामुळे एक अक्षर बदलले तरी क्रमांक बदलतो. जे कमिट सहकाऱ्यांपर्यंत पोहोचले आहे, त्याला म्हणूनच हात लावू नये. चूक मान्य करणारे नवे कमिट करावे.

मग शिकवायचे काय?

तीन आज्ञा पाठ करून घेणे म्हणजे गिट शिकवणे नव्हे. कमिटपूर्वी ‘गिट स्टेटस’ आणि ‘गिट डिफ’ पाहणे, ‘गिट ॲड’च्या ‘-पी’ पर्यायाने बदल तुकड्यातुकड्याने निवडणे आणि दोन ओळी विचारपूर्वक लिहिणे, ही सवय लावायला हवी. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला गुण देताना कोड चालतो की नाही एवढेच न पाहता त्याचा इतिहासही वाचायला हवा. कोड आज चालतो हे आजच्यापुरते ठीक, पण उद्या तो दुसऱ्या कोणाला तरी सांभाळायचा असतो.