अस्थींचा जमाखर्च

हाडे म्हणजे शरीराला आधार देणारा निर्जीव सांगाडा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः हाड ही जिवंत ऊती आहे. तिच्यात रक्तवाहिन्या आहेत आणि अखंड कार्यरत पेशीही आहेत. काही पेशी जुने हाड विरघळवितात, तर काही त्या जागी नवे रचतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी असा नव्याने घडतो.

या व्यवहारावर हाडातच बंदिस्त असलेल्या पेशींची देखरेख असते. हाडावर भार पडला की त्यांना त्याची जाणीव होते आणि त्या बांधणीचा संदेश देतात. भार नाहीसा झाला की झीज वाढते. पुरेसा व्यायाम न केल्यास अंतराळवीरांच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता दरमहा १ ते १.५ टक्क्यांनी घटते, ती याच कारणाने.

तिशीच्या सुमारास अस्थींची पुंजी सर्वाधिक असते. पुढे जमेपेक्षा खर्च वाढू लागतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्याने स्त्रियांमध्ये ही झीज वेगाने होते. यातून उद्भवणारा ऑस्टिओपोरोसिस, म्हणजेच हाडांची ठिसूळता, हा मूक विकार आहे. त्यात वेदना नसतात. पुष्कळदा साध्या पडण्याने मनगट वा खुबा मोडतो, तेव्हाच तो उघड होतो. वाढत जाणारा पाठीचा बाक आणि घटलेली उंची यांकडे वयाची खूण म्हणून दुर्लक्ष केले जाते. प्रत्यक्षात त्यामागे मणक्याचे अस्थिभंग असू शकतात.

म्हणून घरातील आजी-आजोबांना मायेपोटी प्रत्येक कामातून मोकळे करणे हितावह नाही. नित्य चालणे, झेपेल तेवढे घरकाम आणि अंगावर येणारे ऊन ही त्यांची गरज आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम, तर रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आवश्यक असते. दूध, दही, नाचणी आणि तीळ यांतून ते मिळते. ते शोषले जाण्यास मात्र ‘ड’ जीवनसत्त्व लागते.

वैद्यकीय सल्ल्याने केलेल्या डेक्सा चाचणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली आल्यास ऑस्टिओपोरोसिसचे निदान होते. अशा वेळी व्यायामही डॉक्टरांना विचारूनच करावा. घरातील ओली फरशी, सरकणारी पायपुसणी आणि अंधारा जिना यांची व्यवस्था मात्र कोणत्याही चाचणीची वाट न पाहता आजच लावता येते.