टोपी, फेटा आणि हॅटट्रिक

लासलगावच्या बाजार समितीत सकाळी लिलाव सुरू झाला की ट्रॅक्टरच्या रांगेवरून एकदा नजर फिरवा. पांढऱ्या टोप्या आता बोटांवर मोजाव्या लागतात. एखादे बाबा ट्रॉलीला टेकून टोपी काढतात, तिनंच कपाळाचा घाम पुसतात, घडीत ठेवलेली पावती चाचपतात आणि टोपी पुन्हा दाबून बसवतात. तोवर भाव पुकारून व्यापारी पुढच्या ट्रॉलीवर गेलेला असतो. पहाटे घरून टोपी घालून निघालेला हा माणूस भाव पडलेल्या दिवशी पारावर येऊन म्हणतो, ‘आज टोपी घातली राव!’ क्रियापद तेच, डोकंही तेच.

यंदाचा अंक पगडी, पागोटं, मुंडासं, फेटा आणि त्यांच्याभोवती जमलेल्या बोलण्याचा आहे. त्यात साहेबाची हॅटही आलीच. मान द्यायचा तर साहेब डोक्यावरचं उतरवतो, आपण चढवतो. उघड्या डोक्यानं चारचौघांत जाणं आपल्या आजोबांना लाजिरवाणं वाटे. दहाव्याला मुंडण झालेल्या मुलाच्या डोक्यावर सोयरे टोपी ठेवतात, तेव्हा कुठं तो पुन्हा माणसांत येतो. आणि तरीही सत्काराच्या मांडवात इकडे पाहुण्याला फेटा बांधला जात असताना तिकडे निवेदक माइकवर ओरडतो, ‘हॅट्स ऑफ!’ पाहुण्यानं करायचं काय?

‘हॅटट्रिक’ मात्र आपण पचवली. 1858 साली शेफील्डला एच. एच. स्टीफन्सन या गोलंदाजानं लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी टिपले. लोकांनी वर्गणी काढून त्याला टोपी दिली. आता सरपंचही हॅटट्रिक करतो, तीही बहुधा टोपी न घालता. दोन्ही अर्थांनी म्हणत असाल, तर हमी आम्ही देत नाही.

डोक्यावरचं कापड मुकं नसतं. आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं ज्या पुणे विद्यापीठाला जोडलेली, तिथं जानेवारी 2019 च्या पदवीदान समारंभात गाऊन जाऊन पुणेरी पगडी आली, आणि विद्यार्थ्यांनी विचारलं, फुल्यांचं पागोटं का नाही? प्रश्न रास्तच होता.

पत्र्याच्या पेटीत आजोबांचा पटका असेल तर तो बाहेर काढा. त्या बांधणीला घरात काय म्हणत, ते आम्हाला लिहून कळवा. दिवाळीत लिलाव बंद असतात, तेवढी सवड आहे.