पौषातील आबू



मार्गशीर्षातील लग्नसराई ओसरली की आपल्या पेठेत एक वेगळीच शांतता येते. पौषात मुहूर्त नसतात. कापडाच्या गाद्यांवर गिऱ्हाईक तुरळक असते आणि मुनीमजी जुनी उधारी तपासत बसलेले असतात. अशा दिवसांत दोघांनीच कुठे जाऊन यावे, असे काही वाचक भगिनींनी पत्रांतून विचारले आहे. त्याचे उत्तर द्यावे, म्हणून गेल्या पौषात आम्ही आबूला काढलेल्या चार दिवसांविषयी लिहावयास बसले आहे. हा केवळ प्रवासवृत्तान्त नाही, हे मात्र आधीच सांगते.

आमच्या लग्नाला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. या काळात आम्ही पालिताणा पाहिले ते साठ माणसांच्या संघाबरोबर, शिखरजी पाहिले ते सासूबाईंना घेऊन, आणि सुरतेला गेलो ते माल खरेदीला. फक्त दोघेच असे कधी कुठे गेलोच नव्हतो. त्यामुळे धाकट्या सूनबाईने, “मम्मी, यंदा तुम्ही आणि पप्पा दोघेच कुठेतरी थंडीच्या गावी जाऊन या,” असे म्हटले, तेव्हा मला वाटले की हे नेहमीप्रमाणे दुकानाचे कारण सांगतील. पण हे म्हणाले, “जाऊ या. आबूला जाऊ.” इतक्या सहज होकार मिळाल्याचा आनंद झालाच, पण मनात कुठेतरी खटकलेही.

रात्रीच्या गाडीने निघून सकाळी आबू रोड स्थानकावर उतरलो. तेथून वर गावापर्यंत सुमारे अठ्ठावीस किलोमीटरचा घाट आहे. खाली स्वेटर पुरतो, वर पोहोचेपर्यंत शाल काढावी लागते. गाव सुमारे बाराशे मीटर उंचीवर आहे, आणि अरवलीचे सर्वांत उंच टोक, १७२२ मीटरचे गुरुशिखर, तेथून जवळच. जानेवारीत काही रात्री पारा शून्यापर्यंत उतरतो. पहाटे गवतावर पांढरा थर दिसतो, मोटारींच्या काचा ओरखडून साफ कराव्या लागतात. डिसेंबरच्या अखेरीस तेथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही संक्रांतीच्या आधी गेलो, त्यामुळे नक्की तलावाच्या काठावरील बाके रिकामी होती.

धर्मशाळेत खोली मिळाली. भोजनशाळेत मेथीची भाजी, बाजरीची भाकरी आणि वाफाळती मुगाची डाळ. तेथे सूर्यास्त त्या दिवसांत सहाच्या सुमारास होतो आणि उजाडते सव्वासातनंतर. चौविहार आणि नवकारशी पाळणाऱ्यांसाठी मध्ये चौदा तास होतात. त्यात पाणीही नाही आणि चहाही नाही. घरी हे तास दुकानाच्या आवरासावरीत, नातवंडांत आणि दूरचित्रवाणीसमोर जातात. तेथे आमच्याजवळ दोन रजया आणि एक रबरी गरम पाण्याची पिशवी एवढेच होते. सामायिक झाल्यावर पुढे काय करावे, हे आम्हा दोघांनाही सुचेना. चौतीस वर्षांनंतर नवरा-बायकोने एकमेकांसमोर अवघडून बसावे, याचे मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले.

पहिल्या दुपारी आम्ही देलवाड्याच्या मंदिरांत गेलो होतो. विमलवसही इ. स. १०३१ मधील, सोळंकी राजा पहिला भीमदेव याचा मंत्री विमलशाह याने बांधलेली, आदिनाथ भगवानांची. लूणवसही १२३० मधील, वस्तुपाल आणि तेजपाल या मंत्रीबंधूंची, नेमिनाथ भगवानांची. बाहेरून साध्या दिसणाऱ्या भिंतीच्या आत पाऊल टाकले की संगमरवराचे कमळ छतातून खाली लोंबताना दिसते, आणि माणूस बोलणे विसरतो. कोरताना पडलेला चुरा तोलून त्या वजनावर कारागिरांना मोबदला दिला, अशी कथा सांगतात. आत भ्रमणध्वनी नेता येत नाही. यांनी आपला फोन बाहेर जमा केला आणि पावती खिशात घातली. नंतर अर्ध्या तासात तीनदा त्यांचा हात त्याच खिशाकडे गेला.

लूणवसहीत उभी असताना मला लहानपणी एका साध्वीजींच्या व्याख्यानात ऐकलेली कथा आठवली, ती मी यांना सांगितली. दोघे भाऊ संघ घेऊन शत्रुंजयाच्या यात्रेला निघाले होते. वाटेत चोरांचे भय, म्हणून जवळचे धन पुरून ठेवावे, असे त्यांनी ठरवले. खड्डा खणला तर त्यातूनच सोन्याचा हंडा निघाला. आता या साऱ्याचे काय करावे? तेजपालाने पत्नीला, अनुपमादेवीला विचारले. ती म्हणाली की धन खाली पुरणाऱ्यांना खालीच जावे लागते. ते डोंगराच्या माथ्यावर अशा ठिकाणी ठेवा की सर्वांना दिसेल आणि कोणाला चोरता येणार नाही. शत्रुंजय, गिरनार आणि आबू येथील त्यांची मंदिरे या सल्ल्यातून उभी राहिली, असे प्रबंधकार सांगतात. पुढे आबूच्या थंडीत काम रेंगाळू लागले, तेव्हाही अनुपमादेवीनेच कारागिरांजवळ शेगड्या ठेवायला आणि त्यांना गरम जेवण द्यायला सांगितले, अशी कथा आहे.

हे ऐकताना यांनी मान खाली घातली होती. मला वाटले, थकले असतील.

त्या रात्री दिवा मालवल्यावर बराच वेळाने अंधारातून आवाज आला, “ऐकतेस का? एक सांगायचं आहे.”

गेली आठ महिने हे एक ओझे एकटेच वाहत होते. एका जुन्या गिऱ्हाईकाला २२ लाखांचा माल उधारीवर दिला होता. तीन पिढ्यांचा व्यवहार, म्हणून लिखापढी जेमतेम. त्या माणसाने दुकान बंद केले आणि गाव सोडले. आपल्याकडे माल देणाऱ्या व्यापाऱ्यांची देणी थांबू नयेत, म्हणून यांनी आमच्या दोघांच्या नावावरील ९ लाखांची ठेव मोडली होती. ती माझ्या उतारवयासाठी म्हणून सासऱ्यांनी सुरू करून दिलेली ठेव होती.

“माझ्या सहीशिवाय कशी मोडली?” मी विचारले.

“तू सही केली होतीस. श्रावणात. मी म्हटलं, इथे सही कर, आणि तू केलीस.”

मला तो दिवस आठवला. हाताला कणीक लागली होती. ती पुसून मी सही केली होती, आणि वर काय लिहिले आहे ते वाचले नव्हते.

“अहो, आधी का नाही सांगितलंत?”

“तुला काळजी वाटली असती. आणि... लाज वाटत होती.”

मी काहीच बोलले नाही. राग पैशाचा नव्हता, असे लिहिणे सोपे आहे. परंतु खरे लिहायचे तर तो पैशाचाही होता. त्याहून मोठा राग असा, की आठ महिने एका छताखाली राहून मला काही कळले नाही, आणि कळू नये याची काळजी इतकी नीट घेतली गेली. रात्री कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपण्याला मी वयाची खोड समजत होते. ती चौदा तासांची रात्र माझ्या आयुष्यातील सर्वांत लांब रात्र होती.

सकाळी मी एकटीच पूजेला गेले. दुपारी बारानंतर प्रवासी येऊ लागतात. त्याआधीची देलवाड्याची शांतता निराळी असते. लूणवसहीत मूळ गभाऱ्याच्या मागे हस्तिशाला आहे. तेथे संगमरवरी हत्ती ओळीने उभे आहेत, आणि त्यांच्यामागे भिंतीशी मंत्रीघराण्यातील माणसांच्या मूर्ती आहेत. पुरुष एकटे नाहीत, त्यांच्या बाजूला पत्नी उभ्या आहेत. वस्तुपालाबरोबर त्याच्या दोन्ही पत्नी, आणि तेजपालाबरोबर अनुपमादेवी. गभाऱ्याच्या दाराशी असलेल्या दोन सुंदर गोखल्यांना लोक ‘देराणी-जेठाणीचे गोखले’ म्हणतात आणि दोघी जावांच्या चढाओढीची गोष्ट सांगतात. तेथील लेख मात्र ते तेजपालाने आपल्या दुसऱ्या पत्नीसाठी, सुहडादेवीसाठी केले असे सांगतो. आणि १२३० च्या प्रशस्तीत हे सारे मंदिर अनुपमादेवी आणि पुत्र लावण्यसिंह यांच्या श्रेयासाठी बांधल्याचे नोंदवले आहे. ज्या काळी स्त्रीचे नाव घराबाहेर जात नसे असे आपण समजतो, त्या काळी एका मंत्र्याने ते दगडात कोरवून घेतले. तिच्या सल्ल्याचा मान त्याला कमीपणाचा वाटला नाही.

मला स्वतःचाही विचार करावा लागला. अनुपमादेवीला विचारले गेले, हे खरे. पण विचारल्यावर उत्तर देण्याइतके तिला घरातील धनाचे ज्ञान होते, हेही खरे. मी चौतीस वर्षांत दुकानाची चोपडी कधी उघडून पाहिली होती? दिवाळीला शारदापूजनाच्या वेळी तिच्यावर कुंकू वाहिले, एवढेच. “मला त्यातले काही कळत नाही,” हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटले होते की ते सर्वांना, मलाही, खरे वाटू लागले होते.

हे मागून येऊन शेजारी उभे राहिले. बराच वेळ आम्ही दोघे त्या दगडी जोडप्यांकडे पाहत होतो. मग हे हलक्या आवाजात म्हणाले, “मिच्छामि दुक्कडम्.” दरवर्षी पर्युषणानंतर आमच्या पेढीवरून क्षमापनेची छापील पत्रे शेकड्यांनी जातात. त्या यादीत माझे नाव असण्याचा प्रश्नच आला नव्हता. मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. बाहेर उन्हात आल्यावर, फोन परत घेण्यासाठी पावती पुढे करताना यांनी विचारले, “आता काय करायचं, तूच सांग.” तेव्हा मी म्हटले, “मिच्छामि दुक्कडम्. सही मीही वाचली नव्हती.”

उरलेले दोन दिवस आम्ही अचलगडची पंचधातूची प्रतिमा पाहिल्या, गुरुशिखराच्या पायऱ्या चढलो, आणि नक्की तलावाच्या काठी उन्हात बसून तिळाचे लाडू खात एका वहीत सर्व देणी-घेणी लिहून काढली. मला न कळणारा शब्द आला की मी थांबवत असे, आणि हे समजावून सांगत. बाजूने जाणाऱ्या नवविवाहित जोडप्यांना वाटले असेल, ही म्हातारी माणसे थंडीच्या गावी येऊन हिशेब काय करतात! पण खरे सांगते, इतका उबदार सहवास मला पूर्वी कधी लाभला नव्हता.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मुलांना आणि दोन्ही सुनांना एकत्र बसवून सर्व सांगितले. मोठा चिडला, त्याचे चिडणे योग्यच होते. गावाबाहेरचा भूखंड विकायचे ठरले, आणि माल देणाऱ्यांची देणी आधी चुकवली, कारण पेठेत रकमेपेक्षा शब्द आधी बुडतो. गेलेली रक्कम अद्याप आलेली नाही, आणि येईल असे मला वाटतही नाही. ठेव पुन्हा लहानशी सुरू केली आहे. दर रविवारी चौविहारानंतर आम्ही दोघे आणि दोन्ही सुना ती वही उघडतो. धाकट्या सूनबाईने तर उधारीसाठी मर्यादा आणि मुदत ठरवून दिली आहे. तिच्यापुढे आता जुन्या ओळखीही चालत नाहीत.

हे लिहू का, असे मी यांना विचारले होते. दोन दिवस विचार करून म्हणाले, “लिही. कुणाच्या तरी घरी उपयोग होईल.”

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. पौषाच्या मध्यावर जा, वर्षअखेरची गर्दी टाळा. लोकरीचे मोजे आणि कानटोपी सांगूनसवरून घ्या. आल्याऐवजी सुंठीची पूड बरोबर ठेवा, उकळलेले पाणी भोजनशाळेत मिळते. चामड्याची वस्तू मंदिरात नेता येत नाही. संध्याकाळचे जेवण साडेपाचपर्यंत उरकून घ्या, आणि पुढच्या लांब रात्रीला भिऊ नका. त्या रात्रीत जोडीदाराला एक प्रश्न विचारा: “मला न सांगितलेले काही आहे का?” आणि उत्तर येईपर्यंत दिवा मालवून शांत बसा.

जय जिनेंद्र.